माकडाची मालकी

जाहिरातीसाठी बाहुली करायला घेतली की माझा सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांवर जातो. बुबुळं किंचित आत वळवली की नजर समोरच्यावर ठरते आणि फोमच्या तुकड्याला स्वभाव येतो. करारात मात्र या स्वभावाला रकाना नसतो. तिथे एक रेखाचित्र असतं, एक नाव असतं आणि खाली ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’.

ब्रिटनमधल्या त्या विणलेल्या माकडाची गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी. २००१ मध्ये आयटीव्ही डिजिटल या दूरचित्रवाणी कंपनीसाठी मदर या जाहिरात संस्थेने ते आणलं. सोबतीला विनोदी नट जॉनी वेगास. कंपनी चालली नाही, माकड मात्र लोकांच्या घराघरात गेलं. २००२ मध्ये कंपनी बुडाली आणि प्रश्न उभा राहिला: माकड कुणाचं? पैसे मोजणाऱ्या कंपनीचं, की ते सुचलेल्या संस्थेचं? अखेर हक्क कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेकडे गेले. २००७ मध्ये तेच माकड, त्याच वेगासबरोबर, पीजी टिप्सचा चहा विकू लागलं.

निकाल भला झाला. पण माकडाला आवाज देणारा बेन मिलर आणि आत हात घालून त्याची मान वळवणारा कलावंत यांचा त्या माकडावर काही हक्क होता का? मला वाटतं, होता.

मालकीचं मोल अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनला फार लवकर कळलं होतं. रोल्फ हा कुत्रा त्याने १९६२ मध्ये प्युरिनाच्या श्वानखाद्याच्या जाहिरातीसाठी केला, पण मालकी स्वतःकडे ठेवली. म्हणूनच पुढच्याच वर्षी रोल्फ जिमी डीनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकू शकला.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कारागिराला वाटतो तितका परका नाही. करारात वेगळं काही नसेल, तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा, छायाचित्राचा किंवा चित्रपटाचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. त्या यादीत शिल्प नाही. बाहुली हे माझ्या मते शिल्पच, म्हणजे तिचा हक्क घडवणाऱ्याचा. नोकरीत असाल तर गोष्ट वेगळी. हक्क लिहून दिले आणि मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षंच धरली जाते. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात येतो तो त्यामुळेच.

हक्कांचं सोडा, घडवणाऱ्याचं नावही मागे पडतं. लिज्जत पापडाचा ससा सगळ्यांना आठवतो. तो शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी घडवला हे किती जणांना ठाऊक आहे?

मी आता बाहुली विकत नाही, वापराचा परवाना देतो: अमुक वस्तूसाठी, अमुक वर्षं. आणि एक कलम आग्रहाने घालतो. कंपनी बुडाली तर बाहुली घेणेकऱ्यांकडे जाणार नाही, माझ्याकडे परत येईल.