कोलाडला कुंडलिकेत



चातुर्मास संपला आणि लेकीने कोलाडचं राफ्टिंग ठरवून टाकलं. मला पोहता येत नाही. शिवाय घरात प्याय‌चं पाणी गाळून घेणारी मी, नुसत्या मजेसाठी नदीत कशी जाऊ? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला विचारतेस, की माझ्याकडून हो म्हणवून घेतेस?" मी गप्पच बसले.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. भिऱ्याला वीज तयार करून झालेलं पाणी सकाळी कुंडलिकेत सोडतात आणि त्या पाण्याबरोबरच राफ्ट निघतात, म्हणून उशीर चालत नाही. नवकारसी पाळून खाकरे गाडीतच खाल्ले.

साडी, ओढणी नकोच. लवकर वाळणारे कपडे, मागे पट्टा असलेल्या चपला घाला. चष्मा दोरीने बांधा, मंगळसूत्र-बांगड्या घरी ठेवा. लाइफ जॅकेट गाइड इतकं आवळतो की आपण कुरकुरतो. मग खांद्याला धरून वर ओढून बघतो, सरकलं तर पुन्हा आवळतो. कुरकुरू नका. पाण्यात पडलात तर तिथेच धरून तुम्हाला वर ओढतात. आणि पडल्यावर उभं राहायला जायचं नाही, दगडांत पाय अडकतो. पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे. हे त्याने आमच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पहिल्या खळाळात तो "फॉरवर्ड!" ओरडला. सगळ्यांनी वल्ही मारली, मी मात्र दोरी धरून बसले. तोंडात पाणी गेलं, तेही न गाळलेलं! नवकार आपोआप सुरू झाला आणि अर्ध्यातच दुसरी लाट आली. तिसऱ्या खळाळापर्यंत मीही वल्हं मारत होते, आणि हसत होते हेही कबूल करते.

पुढे संथ पाणी लागलं. हवं त्याने उतरा, असं गाइड म्हणाला. लेकीने उडी मारली. मी नाही उतरले. भीतीने की नेमाने, ते माझं मलाच सांगता येत नाही.

सुमारे बारा किलोमीटर, दोनेक तास. जेवणाचं फोनवर आधी सांगूनही भाजीत बटाटा निघालाच, वरण-भातावर भागवलं. डबा न्याच.

संध्याकाळी प्रतिक्रमणात अप्कायापाशी मी जरा जास्त वेळ थांबले. लेक शेजारीच बसली होती. तिचे केस अजून ओले होते.