बटण बंद, परंतु तार जिवंत

विज्ञानाची पदवी घेऊन आम्ही वीस वर्षें वर्गांत फेज व न्यूट्रल यांचा भेद फळ्यावर काढून दाखवीत आलों. परंतु विजेचा खरा धडा आम्हांस घरींच मिळाला. गेल्या पावसाळ्यांत ओटीवरील दिवा बिघडला. एवढ्याशा कामास वायरमन कशाला, असें म्हणून आम्ही स्टुलावर चढलों.

"बाबा, मेन बंद केलात ना?" कन्येनें विचारलें.

"बटण बंद आहे, तेवढें पुरे!" आम्हीं ऐटीनें उत्तर दिलें.

एक हात ओलसर भिंतीवर होता. दुसऱ्या हाताचें बोट होल्डरच्या तारेस लागतांच असा झटका बसला कीं, आम्ही स्टुलासकट खालीं आलों. मनगट मुरगळण्यावर निभावलें.

मग वायरमननीं कारण दाखविलें. पूर्वीं कोणी बटण फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलवर बसविलें होतें. त्यामुळें दिवा विझे, परंतु २३० व्होल्टांचा दाब होल्डरपर्यंत तसाच उभा राही.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम मेन बंद करावा. टेस्टर आधीं चालू सॉकेटवर पारखावा, मगच तार तपासावी. आपल्याकडे काळी तार न्यूट्रलची व हिरवी अर्थची असा प्रघात आहे. तरी केवळ रंगावर विसंबूं नये.

कित्येक पालकांस वाटतें कीं, एमसीबी बसविली म्हणजे भय सरलें. एमसीबी तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. १० वॅटचा साधा दिवा ४० मिलिअँपिअरहून किंचित् अधिक प्रवाह घेतो. इतकाही प्रवाह शरीरांतून गेल्यास प्राणावर बेतूं शकतें, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीस त्याची दादही नसते. त्यासाठीं ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. गेलेल्या व परतलेल्या प्रवाहांत तितका फरक पडतांच ती क्षणार्धांत वीज तोडते. मात्र फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्यास तीही वांचवूं शकेलच असें नाहीं.

ज्यांस हौस आहे त्यांनीं दीड व्होल्टाचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब व एक बटण फळीवर मांडावें. बटण प्रथम एका तारेवर, मग दुसरीवर लावून पाहावें. बल्ब दोन्ही वेळां विझेल! विझलेला दिवा कांहींच सांगत नाहीं, हें तेथेंच कळेल. भिंतींतील काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावें.

ओटीवरील बटण आतां योग्य तारेवर आहे. तरीही आम्हीं स्टूल उचललें कीं, कन्या आधीं मेनपाशीं जाऊन उभी राहते. आणि तिनें "हं" म्हणेपर्यंत आम्ही निमूटपणें थांबतों.