पाव सूत

'सुतासारखा सरळ' हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी वापरतो, तोही बहुधा कुणीतरी दणका दिल्यावर. सुताराच्या हातात सूत दोन कामं करतं. ताणलेला दोरा म्हणजे सूत, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजेही सूत. आमचे मिस्त्री अजून मिलिमीटर बोलत नाहीत. गच्चीवर पत्र्याखाली मांडलेल्या माझ्या टेबल सॉवर त्यांनी पहिल्यांदा हात फिरवला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "साहेब, मागनं पाव सूत आत येतंय गाइड."

गाइड म्हणजे फेन्स. पात्याला समांतर उभी राहणारी पट्टी, जिला टेकवून फळी पुढे सरकवायची. शब्दकोशात बघायला गेलात तर कुंपण. आणि माझ्याकडे कुंपणच शेत खात होतं. सागाच्या कडेवर काळे डाग, जळका वास. एका रविवारी आठ पट्ट्या कापल्या, पुढच्या रविवारी त्याच मापाला आणखी आठ. सगळ्या एकत्र उभ्या केल्या, तर दोन रविवारांच्या मधली पायरी बोटाला लागत होती.

पाव सूत म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. दिसायला काहीच नाही. पण २५० मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४००० फेऱ्या घेतं, तेव्हा त्याचा प्रत्येक दात ताशी जवळजवळ १९० किलोमीटरने धावत असतो. पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे टेबलातून वर येतात. फेन्सचं मागचं टोक आत झुकलेलं असलं की फळी तिथे चिमटते आणि मागचे दात तिला उचलून थेट आपल्याकडे भिरकावतात. माझी एक पट्टी कुशीजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. खालून बायकोने विचारलं, "काय पडलं?" मी म्हणालो, "काही नाही." हात मात्र पुढची दहा मिनिटं थरथरत होते. पात्यामागे उभं राहणारं पातळ लोखंडी पान 'आड येतं' म्हणून मीच काढून ठेवलं होतं. ते त्याच संध्याकाळी परत बसवलं.

दोष फेन्सच्या स्वभावात होता. ती पुढच्या आणि मागच्या, दोन्ही टोकांना आवळली जायची. वरवर हे भक्कम वाटतं. प्रत्यक्षात दोन जबडे आपापल्या सवडीने पकडतात, आणि मागचा पकडताना पट्टीला किंचित आपल्याकडे ओढतो. दर वेळी वेगळा. १९३९ साली आलेल्या डेल्टा कंपनीच्या नामांकित युनिसॉ या टेबल सॉवरही आधी अशी दुहेरी पकडच असे. मग अ‍ॅरिझोनातल्या विल्यम बीझमायर यांनी टेबल सॉवर टी-स्क्वेअर आणला. डिप्लोमाची पोरं पुण्याच्या पीएमटी बसच्या गर्दीत ज्याने लोकांना ढोसत जायची, तोच. त्याचं डोकं ड्रॉइंग बोर्डाच्या एका कडेला घट्ट टेकतं. लांब पट्टीचं दुसरं टोक कुणीच धरत नाही, आणि तरी रेघा समांतर येतात. फेन्सचंही तसंच. पुढचं डोकं रुंद करायचं, एकाच कडेवर दाबायचं, मागचं टोक मोकळं सोडायचं.

हे कळायला मला पस्तिशीनंतरची बरीच वर्षं लागली, बनवायला तीन आठवडे. भवानी पेठेतून लोखंडी चौकोनी पाइप आणला. वेल्डरला म्हटलं होतं, आधी चार कोपऱ्यांना टाके मार, मग आलटूनपालटून भर. त्याने एका बाजूने सलग ओढत नेलं आणि तापलेलं लोखंड केळ्यासारखं वाकलं. दुसरा पाइप. बाजूंना सपाट प्लायवर सनमायका, डोक्यात दाबाची मूठ, आणि काटकोन जुळवायला दोन छोटे स्क्रू.

खरं काम त्यानंतरचं. टेबलातल्या खाचेत सरकणाऱ्या पट्टीवर डायल गेज बसवला. आधी पातं खाचेला समांतर आणायचं. त्यासाठी एका दातावर पेनने खूण करून तोच दात पुढे मोजायचा आणि पातं फिरवून तोच मागेही मोजायचा. वेगवेगळे दात मोजले तर पात्याचा वाक आपण टेबलाच्या माथी मारतो. मग फेन्स. अ‍ॅलन कीचा पाव आटा फिरवा, मूठ आवळा, मोजा, सोडा, पुन्हा आवळा. दुपारचा चहा थंड झाला. शेवटी सलग दहा वेळा काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला. केसाच्या जाडीपेक्षा कमी.

मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं, डायल दाखवला. ते हसले. "आन् पावसाळ्यात?" फूटभर रुंदीची सागाची फळी मे ते ऑगस्ट दोन-अडीच मिलिमीटर सहज फुगते, हे त्यांना डायलशिवाय ठाऊक. मला उत्तर सुचेना. खरं तर आहे एक: फळी फुगते ती तिच्या मर्जीने; सोळा पट्ट्या सारख्या कापल्या तर निदान फुगताना तरी एकमेकींना धरून फुगतील. पण ते जिना उतरल्यावर सुचलं.

तोवर त्यांनी खिशातून दोरा काढला होता. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं फेन्सच्या मोकळ्या टोकाशी धरलं, ताणला, डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले. दोरा सोडून गुंडाळत म्हणाले, "आहे सुतात. केवढ्याला पडलं?"

मी आकडा सांगितला. पाव भाग गाळून.