जे आधी होईल ते

या, ओळख करून देतो. बॉनेटखाली, इंजिनाच्या चेंबरमध्ये मुक्काम करणारी ही असामी म्हणजे सिंथेटिक ऑइल. छोट्या पेट्रोल गाडीत साडेतीन लिटरच्या आसपास ऐवज. डब्यातून ओतताना स्वारीचा रंग बघून घ्या, नुकत्याच गाळलेल्या मधासारखा. नंतर दिसायचा नाही. डिझेल गाडीत पडली तर शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळीठिक्कर होते.

आणि लोक तेवढ्यावर तिचा निकाल लावतात. डिपस्टिक ओढायची, बोटं चोळायची, नाक मुरडायचं: "काळं पडलं, बदला!" अहो, चुलीवरची भांडी घासणाऱ्याचे हात गोरे कसे राहतील? काजळी आपल्या पोटात धरून ठेवायची, इंजिनाच्या अंगाला चिकटू द्यायची नाही, हीच तर ऑइलची नोकरी. हजारो किलोमीटर पळूनही मधासारखं राहिलेल्या ऑइलचाच मला जास्त संशय येईल.

कुळाची मिजास मात्र फार. आपण प्रयोगशाळेत घडलो, जमिनीतून उपसलेल्या खनिज तेलाशी आपला संबंध नाही, असा एकूण आविर्भाव. खरं तर आज सिंथेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी डब्यांतला माल त्याच कच्च्या तेलातून येतो. हायड्रोजनच्या दाबाखाली त्याची इतकी मोडतोड आणि फेरजुळणी करतात, की मूळ ओळखू येत नाही. यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या तेलकंपन्यांत तंटा झाला. १९९९मध्ये तिथल्या जाहिरातक्षेत्राच्या पंचांनी कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला: अशा तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून निदान तिथे तरी गोत्र विचारायची पद्धत उरली नाही.

जुने मिस्त्री या पाहुण्याला अजून पंगतीला घेत नाहीत. "साहेब, हे पाणी आहे पाणी. जाड वीस-चाळीस टाका, इंजिनाला बसेल." डब्यावरच्या ०डब्ल्यू-२०मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या दाटपणाचा. साधं तेल थंडीत खोबरेलासारखं आखडतं, उन्हात ठेवल्याशिवाय हलत नाही. हे मात्र भल्या पहाटेही किल्ली फिरवताच वरच्या मजल्यापर्यंत धावतं. इंजिनाची बरीचशी झीज या गारठलेल्या सुरुवातीलाच होते. शिवाय नव्या इंजिनातल्या फटी इतक्या बारीक, की जाड तेल तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून कंपनीने पुस्तिकेत लिहिलेला आकडाच टाकावा.

आता त्याचा खरा स्वभाव. हे गृहस्थ दोन घड्याळं बाळगतात, एक किलोमीटरचं आणि एक कॅलेंडरचं. पुस्तिकेतलं वाक्य तुम्ही वाचलं असेल: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपण पहिला भाग पाठ करतो आणि शेवटचे चार शब्द विसरतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. गाडी आरशासारखी पुसलेली. जाते मंडईपर्यंत, दोन किलोमीटर, आणि गुरुवारी दत्ताच्या देवळात. तीन वर्षांत सहा हजारही झाले नाहीत. ऑइलचं विचारलं की म्हणतात, "अहो, दहा हजार झालेत कुठे अजून?" गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासमोर ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला ताक घुसळल्यावर रवीला चिकटतो तसा पांढुरका फेस! काका चपापले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, थोडं न जळलेलं पेट्रोलही खाली उतरतं. इंजिन चांगलं तापलं तर दोन्ही उडून जातात. मंडईपर्यंत ते तापतच नाही. मग पाणी मुरतं, आम्ल धरतं, आणि आम्ल मारायला ऑइलात घातलेली रसायनं बसल्या जागी संपतात. याउलट मुंबई-नाशिक धावणारी टॅक्सी दोन-तीन महिन्यांत दहा हजार ओलांडते आणि तिच्या पोटातलं ऑइल काकांच्यापेक्षा ठणठणीत असतं. याला कष्टाचा त्रास नाही, कंटाळ्याचा आहे.

ट्रॅफिकचा तर विशेष राग. गाडी उभी, इंजिन चालू, किलोमीटरचा काटा निवांत. फोर्ड कंपनी अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्यांसाठी असा उभा एक तास ३३ मैलांच्या बरोबरीचा धरते, म्हणजे साधारण ५३ किलोमीटर. या हिशेबाने हिंजवडीच्या चौकात कितीजण रोज लोणावळ्याला जाऊन येतात ते मोजा.

पुस्तिकेच्या मागे एक पान असतं, 'बिकट परिस्थितीतील वापर', म्हणजे ऑइल लवकर बदलायची कारणं. धूळ, चढ, छोट्या फेऱ्या, वारंवार थांबणं. वाचताना वाटतं, कोणीतरी आपल्या शहराचं वर्णन लिहून ठेवलंय. फोक्सवॅगन युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा देते. भारतात १५,००० किंवा एक वर्ष. तेव्हा हायवेवर पळणाऱ्याने पुस्तिकेतला आकडा बिनधास्त पाळावा. शहरात छोटं टर्बो इंजिन रखडवणाऱ्याने सात-आठ हजारांत बदलावं. दर पाच हजारांनी बदलायचा हट्ट मात्र साध्या तेलाच्या काळातला; त्यात गॅरेजचंच पोट भरतं.

याच्या बाबतीत पंगतीतला आग्रहही करू नये. डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मधे राहू द्यावं. "असू द्या थोडं जास्त" म्हणून वर भरलं, तर क्रँक त्याला घुसळतो, फेस येतो, आणि फेसाने बेअरिंगांना वंगण मिळत नाही.

ब्रेक किंचाळतात, बेल्ट कुरकुरतो, हे कधी ब्र काढत नाही. बोलतं एकदाच, डॅशबोर्डवरच्या लाल बुधलीतून, टोकाला एक थेंब. ती बुधली ऑइल कमी झाल्याची आठवण नव्हे, दाब गेल्याची बातमी असते. चालता चालता ती पेटली तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणू नये. बाजूला घ्यावं, इंजिन बंद करावं.

निरोप समारंभ साधाच. इंजिन कोमट असताना मिस्त्री खालचा नट सोडतो. आधी जाड काळी धार, मग दोरा, मग थेंब. घाईचा मिस्त्री इथेच नट लावतो. चांगला मिस्त्री चहा घेऊन येतो. तोवर घमेल्यातल्या काळ्या आरशात गॅरेजची ट्यूबलाइट दिसत असते. तिथून ते ड्रममध्ये जातं, आणि पुष्कळदा एखाद्या नव्या इमारतीच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं, सिमेंट चिकटू नये म्हणून.