पोटावर पडायची सवय

नवव्या वर्षी वडील मला कोल्हापुरातल्या एका तालमीत घेऊन गेले. चौदाव्या वर्षी शिकायला पुण्याला गेलो आणि तालीम सुटली. आता वय ४३. बदली होऊन परत आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला तालमीच्या दारात उभा राहिलो.

आताचे वस्ताद माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. मी वाकून पाया पडलो, कारण हौदाजवळ वय मोजत नाहीत. त्यांनी हातात कुदळ दिली. "काका, आधी माती उकरा. लढायचं मग बगू."

हौदातली माती रोज उकरावी लागते. पैलवानांच्या वजनानं ती दबते, घट्ट होते, आणि घट्ट मातीवर पाठ आपटली की इजा होते. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवतात. पहिली कुदळ पडली आणि तो आंबूस वास वर आला. मी क्षणभर थांबलोच. एकोणतीस वर्षं हा वास मला कुठंच भेटला नव्हता, तरी एका श्वासात ओळखला. वाटलं, नाकाला आठवतंय तर हातापायांनाही आठवेल.

तसं झालं नाही. चाळीस बैठकांत मांड्या थरथरायला लागल्या. जोर मारताना छाती खाली जायची, वर येताना कंबर अडायची. मानेतला जोर तर पार गेलेला. लहानपणी मानेवर कमान करून सगळं अंग तोलायचो, आता कपाळ मातीला टेकवून नुसता भार दिला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

पंधरा दिवसांनी वस्तादांनी सतरा वर्षांच्या एका पोराशी जोड लावली. सलामी झाली. त्यानं माझ्या खांद्यांना माती चोळली, घामानं पकड निसटू नये म्हणून. खडाखडी सुरू झाली. तो खाली वाकला. माझ्या डोक्यात शब्द आला, 'एकेरी पट'. शब्द आला तोवर माझा पाय त्याच्या छातीशी होता. पुन्हा उभे राहिलो. या वेळी 'दुहेरी', आणि मी मातीत. ढाक, कलाजंग, मोळी, सगळी नावं मला पाठ होती, कोणता डाव कशावर तोड आहे तेही तोंडपाठ होतं. पण नाव सुचायचं ते डाव बसल्यावर.

एक गोष्ट मात्र विचार न करता होत होती. पडलो की मी पालथा व्हायचो, कोपरं अंगाशी घट्ट धरायचो, हनुवटी छातीत घालायचो आणि मातीला चिकटून राहायचो. पोरगं वर बसून मला उलटवू बघायचं आणि मी हलत नव्हतो. हे अगदी लहानपणचंच होतं. तालमीत सगळ्यात हलका मीच. मातीतल्या कुस्तीत पाठ लागल्याशिवाय हार नाही, म्हणून तेव्हा पोटावर पडून वेळ काढायला शिकलो होतो. अंगानं सगळे डाव विसरून तेवढंच जपून ठेवलं होतं. ते कळलं त्या सकाळी मी घरी कुणाशी फारसं बोललो नाही.

आठवड्यातले तीन दिवस मेहनत मॅटवर असते. तिथं तर माझा हाच आधार अंगावर उलटला. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. समोरच्यानं खाली घेऊन पाठीमागून कब्जा केला की दोन गुण गेले, पाठ लागायची वाट कुणी बघत नाही. मी पोटावर घट्ट पडून राहायचो, आणि तेवढ्यात तो दोन गुण घेऊन पुढच्या दोनांसाठी मला फिरवत असायचा. मातीत जांघियाला हात घालून पकड घ्यायची सवय, इथं कपडा ओढणं नियमात बसत नाही. घामानं हात सटकतो आणि चोळायला माती नाही. "काका, पडायचंच नाही," वस्ताद सांगत होते. "पाय मागं टाका. छाती त्याच्या मानेवर टाका."

त्या दिवसांत खाशाबा जाधवांची फार आठवण यायची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत घडलेले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. शाळेत हे पदक आम्हाला पाठ होतं, पण मधल्या चार वर्षांबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या पैलवानानंही अंगात मुरलेलं काही बाजूला ठेवून नवं बसवलं असेल का, हा प्रश्न मला आत्ता, या वयात पडला. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण त्या चार वर्षांचा मला खरोखर धीर वाटतो.

दोन महिने रोज एकच गोष्ट केली. पोरगं पट काढायला येणार, मी पाय मागे फेकणार. शंभर वेळा, मग पुन्हा शंभर वेळा. गुडघ्याला पट्टा बांधून.

परवा त्याच पोराशी जोड होती. तो वाकला. या वेळी डोक्यात कुठलाच शब्द आला नाही. माझे पाय मागे गेलेले होते आणि त्याची मान माझ्या छातीखाली होती. मी पडलो नव्हतो. पुढं काय करायचं ते मला येत नव्हतं, म्हणून तसाच भार देऊन राहिलो. त्यानं कूस बदलली, माझा दुसरा पाय धरला आणि मला खाली घेतलं. मी पालथा झालो नाही, कूस वळवून उठायला गेलो. उठता आलं नाही.

"आता तिथनं पुढचं दाखवतो," वस्ताद म्हणाले. "उद्या." उद्या हौद उकरायची पाळीही माझी आहे.