कोशर चालेल का?

चाकणच्या कारखान्याने माझ्या मुलाला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवले. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "अम्मी, इथे हलालचे दुकान जवळ नाही. यहुद्यांचे कोशर मटण मिळते. चालेल का?" त्याचे अब्बा भडकलेच. पॅलेस्टाईनमध्ये जे चालले आहे ते पाहून त्यांच्या हातचे खायचे? बातम्या पाहून माझाही जीव तुटतो. पण हलाल-हराम आपल्या रागावर ठरत नाही. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत ग्रंथधारकांचे अन्न आपल्याला आणि आपले त्यांना हलाल म्हटले आहे.

माझे माहेर रेवदंड्याचे. तिथे यहुदी म्हणजे बातमीतले नव्हेत, शेजारचे. बेने इस्रायल मराठीच बोलत. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या मटणात दूध-दही पडत नाही, कारण करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तौरातमध्ये तीनदा आली आहे. कोकणात त्याने काय अडते? नारळाचा रस आहेच! मासळीला खवले आणि पर हवेत. पापलेट चालते, कोलंबी, कुर्ल्या नाहीत. मी शाफई, कुर्ल्या खातच वाढले. चिंचवडला सासर हनफी, इथे कुर्ली उंबऱ्याच्या आत येत नाही. एका घरात एवढा फरक, तर दोन धर्मांत असणारच.

डुक्कर आणि रक्त दोघांनाही वर्ज्य. ते तर मटणाला मीठ लावून उरलेसुरले रक्तही काढतात. उंट मात्र आपल्याला हलाल, त्यांना नाही. तो रवंथ करतो, पण त्याचे खूर पूर्ण दुभंगलेले नसतात. खरी अडचण जिबहची. त्यांचा कापणारा कामाच्या सुरुवातीला एकदाच दुआ म्हणतो. आपल्याकडे प्रत्येक जनावरावर अल्लाहचे नाव घेतात. यावर आलिमांत मतभेद आहेत, म्हणून मुलाला तिथल्या इमामसाहेबांना विचारायला लावले. त्यांनी परवानगी दिली.

मी एकच बजावले, कोशर म्हणजे सगळे हलाल नव्हे. द्राक्षाची दारू त्यांना वर्ज्य नाही (आमच्या कोकणात ते सणाला मनुकांचे सरबत करत, ते वेगळे), तेव्हा तयार रश्श्याच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचायची. आता तो कच्चे मटण आणून स्वतःच रांधतो. परवा व्हिडिओवर कांदा करपवत होता.