मिरगीचा कुत्रा बांधायचा कशाला?

कुत्र्याला मिरगी आहे असं निदान झालं की बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो साखळीचा. फिरणं बंद, चेंडू बंद, वावरात नेणं बंद. गेट लावायचं आणि त्याला ओसरीवर बांधून टाकायचं. या निर्णयामागे माया असते, हे मान्य. पण पशुवैद्यक म्हणून माझं मत अगदी उलट आहे. मिरगीच्या कुत्र्याचं नुकसान पळण्यानं होत नाही, गोळी चुकण्यानं होतं. साखळी घातली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि तेच समाधान पुढे गोळीच्या वेळेबाबत हयगय करायला लावतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथला कुत्रा सहसा सोफ्यावरचा नसतो. तो सकाळी मालकाच्या गाडीमागे वावरात जातो, रात्री जागलीला रोही आणि रानडुकरं हाकलतो. वस्तीतला लॅब्रॅडोरसुद्धा दिवसातून दोनदा पाय मोकळे केल्याशिवाय गप्प बसत नाही. अशा जनावराला जन्मभर दोन मीटरच्या साखळीवर ठेवणं हा उपचार म्हणायचा असेल, तर त्यामागे पुरावा हवा. तो नाही.

बंदी उठवण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की करावी लागते: झटके खरोखर मिरगीचेच आहेत का? आमच्या कापसाच्या पट्ट्यात ही शंका सर्वांत आधी घ्यावी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. माणसाच्या शरीरात जे विष शिरतं ते त्याच्या पायाशी वावरणाऱ्या कुत्र्याच्याही शरीरात शिरतं. फवारणीच्या ड्रमातलं पाणी तो चाटतो, ओल्या पऱ्हाटीतून फिरून आल्यावर पंजे चाटतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा झाली तर लाळेच्या तारा लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, जुलाब लागतात, अंग थरथरतं आणि मग झटके येतात. तिथे ॲट्रोपीन लागतं, मिरगीची गोळी नव्हे, आणि तेही तासाभराच्या आत मिळालं तर बरं. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईड, डुकरांसाठी कुणी पिठात कालवलेलं थिमेट, खरजेसाठी अंदाजानं टोचलेलं जास्तीचं आयव्हरमेक्टिन, यांपैकी कशानंही झटके येऊ शकतात. लस न टोचलेल्या पिल्लात डिस्टेंपर आधी आठवावा: जबड्याची सतत चाळवाचाळव आणि झोपेतही लयीत उडत राहणारा एखादा स्नायू ही त्याची खूण. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम उतरतं, लहानग्याची साखर उतरते, म्हाताऱ्याच्या मेंदूत गाठ असू शकते. यांतलं काहीही असेल तर पुढचा सगळा युक्तिवाद गैरलागू ठरतो.

हे सगळं बाजूला पडलं, रक्ताची तपासणी स्वच्छ आली, दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा पूर्ण ठणठणीत आहे, पहिला झटका सहा महिने ते सहा वर्षं या वयात आला, आणि एका दिवसापेक्षा जास्त अंतरानं किमान दोन झटके झाले, तर ती जन्मजात प्रवृत्तीची मिरगी मानायला हरकत नसते. २०१५ मध्ये जगभरातल्या पशु-मेंदुविकारतज्ज्ञांच्या गटानं निदानाची जी चौकट आखली तिची पहिली पायरी हीच आहे. पुढच्या पायऱ्यांवर एमआरआय येतो. तो खेड्यापाड्यातल्या प्रत्येक कुत्र्याला परवडणार नाही, आणि पहिल्या पायरीवर सगळं जुळत असेल तर त्यासाठी उपचार अडवूनही ठेवू नयेत. वय किंवा लक्षणं चौकटीत बसत नसतील, तेव्हा मात्र नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी. सर्वसाधारण कुत्र्यांत मिरगीचं प्रमाण शेकड्यास एकाहून कमी आहे. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, बीगल अशा काही जातींत ते रक्तातूनच जास्त येतं. म्हणून अशा कुत्र्याची पैदास करू नये. ही एक बंदी मी बिनशर्त घालतो.

आता पळण्याकडे येऊ. या मिरगीचा झटका बहुतेकदा येतो तो कुत्रा निवांत असताना, झोपेत किंवा नुकता जागा होताना. चेंडूमागे सुसाट धावताना तो येणं अपवादानंच. ज्या अवस्थेत झटका येण्याची शक्यता जास्त, नेमकी तीच अवस्था आपण साखळी बांधून त्याच्यावर दिवसभर लादतो. माणसांच्या वैद्यकातही हा धडा उशिराच शिकला गेला. मिरगीच्या मुलांना एकेकाळी मैदानावर पाऊल ठेवू देत नसत. आज आंतरराष्ट्रीय मिरगी संघटना व्यायामाला आणि बहुतेक खेळांना पाठिंबा देते. १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेपावून इंझमामला धावबाद करणाऱ्या जाँटी ऱ्होड्सला मिरगी होती, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं आहे. कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. मिरगीच्या कुत्र्यांत भीती आणि अस्वस्थता वाढलेली दिसते, असं लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या अभ्यासानं दाखवलं. आणि ताण हा झटक्याला निमित्त ठरतो, असं मालकही पुन्हा पुन्हा सांगतात. घरातली माणसं बाहेर पडताना मागे साखळीवर राहिलेला कुत्रा किती ताण घेतो, ते त्याच्या भुंकण्यावरून शेजाऱ्यांनाही कळतं. शिवाय मिरगीवरचं फिनोबार्बिटोन हे औषध सुरू झालं की भूक आणि तहान दोन्ही वाढतात. त्यात व्यायाम बंद केला की वर्षभरात कुत्र्याचा पिंप होतो, मग सांधे धरतात, आणि दोष मात्र गोळीच्या माथी मारला जातो.

यावर विदर्भातला माणूस लगेच विचारील, की मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हाही पळवायचं का? मुळीच नाही, आणि हा आक्षेप मी मोडीत काढत नाही. उष्माघातानं निरोगी कुत्र्यालाही झटके येतात, आणि लांबलेला झटका स्वतःच शरीराचं तापमान चढवतो. उन्हाळ्यात फिरणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर, बस्स. पळता पळता मागचे पाय लुळे पडून बसकण मारणारा, पण शुद्धीवर असणारा लॅब्रॅडोर ही वेगळी गोष्ट आहे. तो या जातीतला व्यायामानं उद्भवणारा आनुवंशिक विकार असू शकतो, आणि त्याला दमवणं खरोखर घातक. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: झटका पाण्यात आला तर? इथे मी मालकाच्या बाजूचा आहे. बिनकठड्याची विहीर, शेततळं, चक्रवती नदीचा डोह, कठडा नसलेली गच्ची, नागपूर रस्त्यावरची ट्रकची वर्दळ, या ठिकाणी मिरगीचा कुत्रा मोकळा सोडू नये. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की धडधाकट कुत्राही वर चढू शकत नाही. पण ही बंदी जागेवरची झाली, पळण्यावरची नव्हे. लांब दोरी, छातीला बसणारा पट्टा, सोबत माणूस आणि तासभर मोकळं मैदान, एवढ्यानं काम भागतं.

खरी शिस्त हवी ती औषधात. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके, एका दिवसात लागोपाठ झटके, पाच मिनिटांहून लांबलेला झटका, किंवा झटक्यानंतर फार वेळ राहणारा आंधळेपणा आणि आक्रमकता, यांपैकी काहीही असलं तर गोळी सुरू करायची. सहसा फिनोबार्बिटोननं सुरुवात होते. माणसांच्या मिरगीवर १९१२ पासून वापरलं जाणारं हे औषध जुनं आहे, स्वस्त आहे, गार्डिनल नावानं तालुक्याच्या मेडिकलमध्येही चिठ्ठीवर मिळतं. किलोमागे अडीच ते तीन मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. म्हणजे तीस किलोच्या लॅब्रॅडोरला साधारण ७५ मिलिग्रॅम, साठची एक आणि तीसची अर्धी, सकाळी आठला आणि रात्री आठला. डोस आपल्या डॉक्टरनंच ठरवायचा. हिशेब दिला तो अर्ध्या गोळीचंही महत्त्व कळावं म्हणून. रक्तातली पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात. या काळात कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मागचे पाय तिरपे पडतात, आणि नेमकं इथेच घाबरून औषध सोडलं जातं. ही झिंग बहुतेकदा आपोआप उतरते. एकदम बंद केलेल्या गोळीमुळे उठणारे झटके मात्र मूळ आजारापेक्षा भयंकर असू शकतात, प्रसंगी न थांबणारे.

‘गोळीनं लिव्हर खराब होतं’ हे वाक्य प्रत्येक मालक कुठून ना कुठून ऐकून येतो. ते खोटं नाही, अर्धवट आहे. धोका वाढतो तो रक्तातली पातळी मिलिलिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर बराच काळ राहिली तर. म्हणून दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. या औषधावर असताना लिव्हरच्या तपासणीतलं अल्कलाईन फॉस्फटेज वाढलेलं दिसतंच. तेवढ्या एका आकड्यावर घाबरून जायचं कारण नाही. पातळी चढत असेल तर डोस टप्प्याटप्प्यानं कमी करून पोटॅशियम ब्रोमाईड जोडता येतं. तेही पुरं पडत नसेल तर लेव्हेटिरासिटाम आहे, मात्र ते दिवसातून तीनदा द्यावं लागतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत फिनोबार्बिटोनवरच्या वीसपैकी १७ कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबले, ब्रोमाईडवरच्या तेवीसपैकी १२ कुत्र्यांचे. संख्या लहान आहे, पण पहिली पसंती कशाला द्यायची ते कळतं. साधारण पाव ते तृतीयांश कुत्र्यांचे झटके औषधांनीही नीट आटोक्यात येत नाहीत, हे पहिल्याच दिवशी मालकाला सांगून टाकावं.

मग कुणीतरी झाडपाला सुचवतं, आणि तो लागूही पडल्यासारखा दिसतो. याचं उत्तर २०१० च्या एका अभ्यासात आहे. मिरगीच्या औषधांच्या तीन चाचण्यांत ज्या २८ कुत्र्यांना नुसती बिनऔषधी गोळी दिली होती, त्यांतल्या २२ कुत्र्यांचे झटके कमी झाले. कुत्र्याला श्रद्धा नसते. मिरगीला भरती-ओहोटी असते. झटके फार वाढले की माणूस नवा उपाय धरतो, आणि ओहोटी लागली की श्रेय त्या उपायाला जातं. म्हणून मी आठवणीवर नव्हे, वहीवर विश्वास ठेवतो: तारीख, वेळ, किती मिनिटं, झोपेत की जागेपणी, आदली गोळी किती वाजता दिली होती. जोडीला मोबाईलवरचं चित्रीकरण. अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा पन्नास सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त सांगतो.

झटका चालू असताना करायचं थोडंच आहे. पाय सायकल मारत असतात, जबडा आवळलेला असतो, लघवी सुटते, तोंडाला फेस येतो. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली आणि तोंडात पाणी हे सगळे प्रकार थांबवावेत. बोट तर अजिबात घालू नये. आजूबाजूचं टणक सामान हलवायचं, डोक्याखाली गोधडी सरकवायची, पंखा लावायचा आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं ओलांडली, किंवा एका दिवसात दुसरा झटका आला, तर डॉक्टरनं आधीच शिकवून ठेवलेलं डायझेपाम गुदद्वारातून द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. फेस बघून गल्लीत ‘पिसाळला’ अशी हाकाटी होते आणि काठ्या निघतात. पिसाळलेला कुत्रा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, लक्षणं दिसल्यावर दहा दिवसांच्या आत मरतो. मिरगीचा कुत्रा काही तासांत उठून भाकरी मागतो. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून तिचं कार्ड घरात ठेवलं, तर शेजाऱ्यांची समजूत घालणं सोपं जातं.

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळी दाराशी असेल. फटाक्यांनी मिरगी होत नाही, पण ज्याला आहे त्याला तो ताण भारी पडू शकतो. त्या चार रात्री त्याला आतल्या खोलीत, दारं-खिडक्या लावून ठेवा. फराळातलं चॉकलेट विषारी, आणि कुत्रा ब्रोमाईडवर असेल तर खारी शेव-चिवडाही नको, कारण जास्तीचं मीठ ते औषध लघवीवाटे लवकर बाहेर काढतं. गावी जाताना कुत्रा शेजाऱ्याकडे ठेवणार असाल तर नुसतं पाकीट हातात देऊ नका. रोजच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून वर तारीख आणि वेळ लिहून द्या. मेडिकल दोन-तीन दिवस बंद राहू शकतं, तेव्हा पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या आणून ठेवा, आणि हे काम वसुबारसेच्या आधी उरका.